जपमाळेची गोष्ट आणि वाटाण्याचा हिशेब

आगगाडीच्या डब्यात एक वृद्ध गृहस्थ जपमाळ ओढीत बसलेले असतात. समोरच्या बाकावरील विद्यापीठातला तरुण त्यांची कीव करतो. हे जुनाट खूळ टाका, विज्ञानाचे नवे शोध वाचा, पत्ता द्या म्हणजे मी पुस्तके पाठवून देतो, असे तो म्हणतो. वृद्ध गृहस्थ काही न बोलता खिशातून आपले कार्ड काढून देतात. त्यावर नाव असते लुई पाश्चर. तरुण खजील होतो, प्रवचन संपते आणि मंडळी समाधानाने विश्वासाची प्रार्थना म्हणायला उठतात.

आमच्या वाचकांपैकी ही गोष्ट ज्याने ऐकली नाही असा विरळा. सणाच्या प्रवचनात, तरुणांच्या शिबिरात, धर्मशिक्षणाच्या वर्गात ती पुनःपुन्हा सांगितली जाते. ती कोठे घडली, कोणत्या वर्षी घडली, त्या तरुणाचे नाव काय, हे कोणीही सांगत नाही, कारण सांगता येत नाही. तिला विश्वासार्ह आधार नाही. पाश्चर कॅथलिक घरात जन्मले व कॅथलिक म्हणूनच वारले हे खरे. मात्र त्यांच्या नित्याच्या उपासनेविषयी चरित्रकारांचे एकमत नाही.

परंतु गोष्ट खरी नाही एवढ्यापुरताच आमचा आक्षेप मर्यादित नाही. ती खरी असती तरी आम्ही तिच्याविरुद्ध लिहिले असते. या गोष्टीत श्रद्धेची अब्रू कशाने वाचते? एका छापील कार्डाने. समोरच्या तरुणाला काही समजावून दिले जात नाही, त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. मोठे नाव पुढे करून त्याचे तोंड बंद केले जाते. आणि ज्याच्या नावाचा असा उपयोग आपण करतो, त्या माणसाने केले काय, याचे अवाक्षरही श्रोत्यांच्या कानी पडत नाही.

पाश्चर यांनी काय केले ते थोडक्यात असे. नासणाऱ्या पदार्थांत सूक्ष्म जीव आपोआप उत्पन्न होतात असे मानणारा मोठा पक्ष त्या काळी फ्रान्समध्ये होता आणि रुआँ येथील शास्त्रज्ञ पूशे त्याचे अग्रणी होते. पाश्चर यांनी काचेच्या चंबूत मांसरसासारखा काढा घेतला, चंबूची मान तापवून हंसाच्या मानेसारखी लांब व वाकडी केली आणि काढा उकळला. मान उघडीच होती, हवा आत जात होती. परंतु हवेतील धूळ त्या वळणात अडकत होती. काढा जसाच्या तसा राहिला. चंबू कलता करून काढा वळणातील धुळीला लावला, की थोड्याच दिवसांत तो नासे. या कामासाठी 1862 साली फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना पारितोषिक दिले. 7 एप्रिल 1864 रोजी सॉर्बोन येथील जाहीर व्याख्यानात त्यांनी हेच चंबू लोकांसमोर ठेवले आणि हा प्रश्न धर्माचाही नाही व नास्तिकतेचाही नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, अशा आशयाचे बजावले. स्वतः पूशेही नास्तिक नव्हते. जपमाळेच्या गोष्टीपेक्षा हा वाकड्या मानेचा चंबू आमच्या मुलांना दाखवला असता तर काय बिघडले असते?

आता दुसऱ्या बाजूचा विचार करू. आमची मुले महाविद्यालयात गेली की तेथे त्यांची गाठ नेमक्या उलट्या गोष्टीशी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला विज्ञानाने जी झेप घेतली, ती ख्रिस्तसभेच्या बेड्या तोडूनच घेतली, असे त्यांना सांगितले जाते. ही गोष्ट सांगणाऱ्यांनाही ती कोठून आली याचा पत्ता नसतो. तिचा एक मोठा उगम म्हणजे न्यूयॉर्कचे रसायनशास्त्रज्ञ जॉन विल्यम ड्रेपर यांचे धर्म व विज्ञान यांच्यातील संघर्षाचा इतिहास सांगणारे 1874 सालचे पुस्तक. ड्रेपर मोठे कर्तबगार होते. चंद्राची अगदी पहिल्यावहिल्यांपैकी छायाचित्रे त्यांनी घेतली. परंतु त्यांचे हे पुस्तक इतिहासापेक्षा फिर्यादीच्या वळणाचे आहे आणि फिर्याद मुख्यतः रोमविरुद्ध आहे. 1870 साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या प्रमादातीतत्वाचा सिद्धांत जाहीर केला होता, त्याचा राग त्यात पानोपानी जाणवतो. त्याच परिषदेने श्रद्धा व बुद्धी यांच्यात खरा विरोध असू शकत नाही असेही ठरावपूर्वक म्हटले होते, याचे ड्रेपर यांना महत्त्व वाटले नाही. रोमने 1876 साली हे पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत घातले. फिर्यादीला याहून चांगली साक्ष कोणती मिळणार!

अशा दोन गोष्टींच्या कात्रीत आमचा बारावीचा विद्यार्थी सापडतो. रविवारी कार्ड, सोमवारी बेड्या. त्यातून तो एक तर विज्ञानाकडे संशयाने पाहायला शिकतो, नाही तर मिस्सेला येणे हळूहळू सोडतो. दोन्ही प्रकारची मुले आमच्या धर्मग्रामांत आहेत. त्यांना दोन्ही गोष्टींऐवजी खरा इतिहास मिळाला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. आणि खरा इतिहास आमच्याही सोयीचा नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

मोरावियातील ब्रनो शहर आज चेक प्रजासत्ताकात आहे, त्या वेळी ते ऑस्ट्रियन साम्राज्यात होते. तेथील संत थॉमस यांच्या ऑगस्टिनियन मठात ग्रेगोर मेंडेल 1843 साली दाखल झाले. आमच्या स्मरणिकांत मेंडेल यांचा उल्लेख असतो तो ‘अनुवंशशास्त्राचा जनक एक कॅथलिक धर्मगुरू होता’ या एका वाक्यात. त्या वाक्यातून जे निसटते तेच मोलाचे आहे. मठाधिपती नॅप हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. ब्रनो हे लोकरीच्या धंद्याचे शहर. चांगल्या लोकरीच्या मेंढ्या कशा पैदा कराव्यात याची चर्चा तेथे सतत चाले, आणि नॅप त्या चर्चेत भाग घेत. आई-बापांकडून पिलांकडे नेमके काय येते व कसे येते, हाच खरा प्रश्न आहे, हे त्यांनी 1837 सालीच बोलून दाखवले होते. मेंडेल 1850 साली शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाले, तेव्हा नॅप यांनी त्यांना परत बोलावून कोपऱ्यात बसवले नाही, तर 1851 साली व्हिएन्ना विद्यापीठात धाडले. तेथे डॉप्लर यांच्याकडे ते पदार्थविज्ञान शिकले आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र. 1856 साली दुसऱ्यांदा परीक्षेला बसले, त्यातही यश आले नाही. त्याच वर्षी त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग सुरू केले.

जागा सुमारे 35 मीटर लांब व 7 मीटर रुंद. वाटाण्याच्या 34 जाती आणून दोन वर्षे फक्त त्या शुद्ध उतरतात की नाही हे पाहिले व त्यांतील 22 ठेवल्या. वाटाण्याचे फूल स्वतःच स्वतःला फळवते. म्हणून कळी उमलण्याआधी ती उघडायची, चिमट्याने पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण आणून लावायचे आणि कीटक शिरू नयेत म्हणून फूल झाकायचे. आमच्या बागायतदार वाचकांना हे काम किती किचकट आहे ते सांगायला नको. आठ वर्षांत सुमारे 28,000 झाडे त्यांच्या हाताखालून गेली. गुळगुळीत दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या जातींचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळेच दाणे गुळगुळीत निघाले. दुसऱ्या पिढीत सुरकुतलेले दाणे परत आले. मेंडेल यांनी ते मोजले: 5,474 गुळगुळीत, 1,850 सुरकुतलेले. पिवळे 6,022, हिरवे 2,001. प्रमाण जवळजवळ तीनास एक. नाहीसा झालेला गुण नाहीसा झालेला नसतो, तो दडून राहतो आणि पुढच्या पिढीत मोजून मापून बाहेर येतो, हे या हिशेबाने दाखवले. वनस्पतींच्या अभ्यासात गणित असे वापरलेले तोवर क्वचितच कोणी पाहिले होते.

हे निष्कर्ष त्यांनी 8 फेब्रुवारी व 8 मार्च 1865 रोजी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळात वाचले व पुढच्या वर्षी ते छापले गेले. अंक युरोपभरच्या शंभरावर ग्रंथालयांत पोहोचला. म्युनिकचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी मेंडेल यांनी कित्येक वर्षे पत्रव्यवहार केला. नेगेली यांना त्यातले मर्म उमगले नाही. 1900 साली तीन शास्त्रज्ञांना हाच नियम स्वतंत्रपणे सापडला, तेव्हा जगाला मेंडेल ठाऊक झाले. तोवर त्यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती. बेड्यांची गोष्ट सांगणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. मेंडेल यांना ख्रिस्तसभेने दडपले नाही. विद्यापीठांनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

आणि आता आमच्याकडच्यांनी थांबावे. याच मठावर 1854 साली स्थानिक बिशपांनी चौकशी नेमली. येथील व्रतस्थ विद्येत फार आणि प्रार्थनेत कमी रमतात, असा ठपका ठेवून मठ बंद करावा अशी शिफारस झाली. नॅप यांनी ती परतवून लावली नसती तर बाग राहिली नसती व हिशेबही झाला नसता. मेंडेल यांचे गुरू उंगर वनस्पतींच्या क्रमशः होत जाणाऱ्या बदलांविषयी लिहीत, म्हणून व्हिएन्नातील एका कॅथलिक वृत्तपत्राने त्यांच्यावर तरुणांना बिघडवल्याचा आरोप करीत त्याच दशकात हल्ले चढवले. त्या पत्राचे संपादक एक धर्मगुरूच होते. आमच्यासारख्या नियतकालिकांनी हे प्रकरण विसरू नये. मेंडेल यांनी स्वतः डार्विन यांच्या ग्रंथाची 1863 सालची जर्मन आवृत्ती समासात खुणा करीत वाचली, आणि तरीही 1868 साली मठाधिपती म्हणून त्यांचीच निवड झाली.

रोममधले चित्रही असेच दुरंगी आहे. पोप ग्रेगरी सोळावे यांनी आपल्या राज्यात आगगाडी येऊ दिली नाही. शेजारच्या नेपल्सच्या राज्यात ती 1839 सालीच धावू लागली होती. 1846 साली पोप पायस नववे आले आणि त्यांनी धोरण बदलले, तरी रोमहून फ्रास्काटीकडे पहिली गाडी सुटायला 1856 साल उजाडले. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याच्या लोकांनी पाहिली, ती रोमकरांच्या तीन वर्षे आधी! पुढे याच पोपनी 1864 साली चुकीच्या मतांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्या शेवटच्या कलमात, पोपने प्रगतीशी व आधुनिक संस्कृतीशी समेट करावा हे मत नाकारले आहे. त्या कलमामागे इटलीतील राजकारण होते, मठ जप्त होत होते, हे खरे. पण वाचणाऱ्याला तो खुलासा कोण देणार? वाक्य उरले, संदर्भ गेला.

आणि याच रोममध्ये, याच पोपच्या छत्राखाली, येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की संत इग्नेशियस यांच्या चर्चच्या छपरावर बसून ताऱ्यांचा प्रकाश तपासत होते. त्या चर्चवर मोठा घुमट बांधायचा होता, तो कधी बांधलाच गेला नाही. त्याजागी आतून घुमटाचा भास करून देणारे चित्र लावलेले आहे. घुमटाचा भार पेलण्यासाठी उभारलेले आधार मात्र तयार होते. सेक्की यांनी त्यांच्यावर दुर्बीण बसवली. ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही, असे प्रत्यक्षवादाचे आचार्य ओग्युस्त काँत यांनी 1835 साली लिहून ठेवले होते. 1859-60 मध्ये हायडेलबर्गच्या किर्खहोफ व बुन्सेन यांनी वर्णपटातील रेषांवरून मूलद्रव्ये ओळखण्याची किल्ली दिली, आणि सेक्की यांनी ती हाती घेऊन चार हजारांवर ताऱ्यांचे वर्णपट पाहिले व त्यांचे वर्ग पाडले; आधी तीन, मग चार, अखेरीस पाच. आजच्या वर्गीकरणाची ती सुरुवात होय. 1848 साली राज्यक्रांतीने येशूसंघीयांना रोममधून हुसकावले, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत आश्रय घेतलेला हा माणूस परत येऊन कामाला लागला होता. 1870 नंतर नव्या राजवटीने त्यांना विद्यापीठाचे आसन देऊ केले. पोपशी असलेल्या निष्ठेपोटी त्यांनी ते घेतले नाही, आणि वेधशाळाही सोडली नाही.

यातले काय घ्यावे आणि काय टाळावे, हा प्रश्न आम्हाला पडत नाही. सगळेच सांगावे. नॅपही सांगावे आणि चौकशी नेमणारे बिशपही. सेक्कींची दुर्बीण सांगावी आणि न आलेली आगगाडीही. आमच्या पोरांची श्रद्धा इतकी तकलादू नाही, की 1864 सालचे एक कलम ऐकून ती मोडेल. ती मोडते ती विचारलेल्या प्रश्नाला कोणी दाद देत नाही तेव्हा. उत्क्रांतीविषयी विचारणाऱ्या मुलीला ‘असले प्रश्न वर्गात विचारू नयेत’ म्हणून खाली बसवले जाते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 साली उत्क्रांती ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही, असे स्वतः लिहिले. हे तिला धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणी सांगितले नाही, तर ते तिला दुसरीकडून कळेल, आणि मग आपण ते लपवले असे ती समजेल. तसे समजण्यात तिची चूक तरी काय?

आमच्याकडे अशा कामाची परंपरा नाही असेही नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात येशूसंघीय फादर ब्लॅटर यांच्या नावाचा वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. फादर सांतापाऊ यांनी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालकपद भूषवले. त्यांची नावे आम्ही समारंभात घेतो. संग्रह पाहायला धर्मग्रामातून मुलांची सहल मात्र क्वचितच जाते. सहल जाते ती वॉटर पार्कला.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. पाश्चरच्या कार्डाची गोष्ट प्रवचनातून काढून टाकावी. रविवारच्या वर्गातील एक तास मेंडेल यांना द्यावा. फळ्यावर 5,474 लिहावे, खाली 1,850 लिहावे आणि मुलांनाच भागाकार करू द्यावा. त्यानंतर जे प्रश्न येतील ते शिक्षकाने टाळू नयेत; येत नसेल तर पुढच्या रविवारी वाचून यावे. आणि धर्मग्रामाच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांसाठी जी रक्कम दरवर्षी काढली जाते, तिच्यातून यंदा निदान मेंडेल यांचे एक चरित्र विकत घ्यावे.