किट नको, कारभारी हवा

22 जुलै 2021 च्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर आणि ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. तिन्ही गावांत मिळून वीसहून जास्त माणसे गेली. वाचलेल्या मिरगावकरांना कोयनानगरच्या शाळेत आणले गेले. साताऱ्यातून कोरोनाची दुसरी लाट तेव्हा हटलेली नव्हती. 2 ऑगस्टला राज्याने बहुतेक जिल्ह्यांतले निर्बंध सैल केले, पण ज्या 11 जिल्ह्यांत ते कायम राहिले त्यात सातारा आणि सांगली होतेच. डोक्यावरचे छप्पर गेलेल्या माणसांनी वर्गात सतरंज्या टाकून दाटीने झोपायचे आणि एकमेकांपासून अंतरही राखायचे, असा तो प्रसंग.

26 जुलैला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे कोयनानगरला येणार होते. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उतरू शकले नाही आणि ते पुण्याला परतले. यात कुणाचा दोष नाही. कोयनेच्या खोऱ्यात जुलैचे आभाळ कुणाचा शिष्टाचार पाळत नाही. तसा वरच्या सत्तेचा तोटा पाटणला कधीच नव्हता. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपावेळी राज्याचे गृहमंत्री याच तालुक्यातले बाळासाहेब देसाई होते. 2021 मध्ये त्यांचे नातू शंभूराज देसाई गृहराज्यमंत्री होते. मंत्री घरचा असणे आणि मध्यरात्री दार ठोठावता येईल असा कारभारी गावात असणे, या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत.

हे आधीच्या वर्षीच कळून चुकले होते. पाटणचे निम्मे घरदार मुंबईत. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या मागोमाग कितीतरी पिढ्या गोदीत आणि बाजारात पाठीवर ओझी वाहत आल्या. मे 2020 मध्ये ही माणसे गावाकडे परतू लागली, आणि गणपतीला ज्यांची वाट पाहिली जाते त्या चाकरमान्यांना शिवेवरच थांबवले जाऊ लागले. शाळा उघडून द्यायची, संडासात पाणी आहे का बघायचे, घरून आलेला डबा फाटकापाशी ठेवून मागे सरकायला सांगायचे, विलगीकरणाचे चौदा दिवस पुरे झाले की नाही यावरून होणारी भांडणे मिटवायची. ताप वाढला तर कराड गाठायला गाडी कुणाची, हेही ठरवायचे. ही कामे सरपंच, सदस्य, पोलीस पाटील आणि आशाताईंच्या गळ्यात पडली. यातल्या एकाही कामाचा फलक लागत नाही.

आणि नेमका हाच थर सरकारने त्या वर्षी पोकळ होऊ दिला. साथीमुळे निवडणुका लांबल्या, मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक आले. प्रशासक कुणाला नेमायचे यावरूनच राजकारण इतके रंगले की प्रकरण उच्च न्यायालयात गेले. राज्यातल्या 14 हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले ते 15 जानेवारी 2021 ला. निवडणूक पुढे ढकलण्यामागचे कारण समजण्यासारखे होते. पण एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाती अनेक गावे देऊन त्याच्याकडून घरोघरची चौकशी होईल, ही अपेक्षा मुळातच खोटी होती.

लोकप्रतिनिधी जागेवर असला की काय होते, हे दिसलेही आहे. मार्च 2020 मध्ये सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबापासून सांगलीतल्या इस्लामपुरात रुग्ण 26 पर्यंत गेले. जयंत पाटील तेव्हा तिथले आमदार आणि जिल्ह्याचे पालकमंत्रीही होते. प्रशासनाने भाग बंद केला, संपर्कातली माणसे हुडकून वेगळी ठेवली आणि साखळी तुटली. पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी 2021 मध्ये भाळवणीला 1,100 खाटांचे केंद्र उभारले आणि मुक्कामही तिथेच ठोकला. मास्कविना वावरल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, ती योग्यच होती. रुग्णांच्या उशाशी बसणारा आमदार लोकांना आवडला, हेही तितकेच खरे. हिवरे बाजारात पोपटराव पवारांनी गावालाच पथकांत वाटून घेतले आणि मे 2021 मध्ये गाव कोरोनामुक्त केले.

ही परंपरा नवी नाही. 1897 च्या प्लेगात पुण्याचे बरेच पुढारी शहर सोडून गेले. कायदे कौन्सिलात निवडून गेलेले टिळक मात्र राहिले आणि त्यांनी प्लेगचे रुग्णालय काढले.

दिल्लीने एप्रिल 2020 मध्ये खासदार निधी थांबवला, तो नोव्हेंबर 2021 मध्ये परत सुरू केला. म्हणजे साथीच्या ऐन भरात खासदाराच्या हातात मतदारसंघासाठी हक्काचा पैसा नव्हता. उरले काय, तर देणगीतून जमवलेले धान्याचे किट आणि त्यावरचा फोटो. तांदूळ-डाळ कुणीही वाटू शकतो. खाट मिळवून देणे, तपासणी पथक वाडीवर आणणे, तहसीलदाराशी भांडणे, हे निवडून आलेल्या माणसाचे काम.

मार्च 2022 मध्ये सातारा जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ तिथेही प्रशासकच बसला. पुढची साथ किंवा दरड निवडणुकीच्या तारखा बघून येणार नाही. येत्या ग्रामसभेत पाटणच्या गावकऱ्यांनी सरपंचांकडून एवढे तरी लेखी घ्यावे: आपत्ती आली तर शाळा कोण उघडणार, गाडी कोण देणार, आणि सरपंच गावात नसतील तर फोन कुणाला लावायचा.