चेरी मागणाऱ्याला काय द्यावे?

पावसाने चार दिवस उघडीप दिली की रोपवाटिकांत घरगुती गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू होते. पेरू, लिंबू, सीताफळ ही मागणी ठरलेली. पण अलीकडे हिंगोली जिल्ह्यातही एक नवा प्रश्न ऐकू येतो: "चेरीचं रोप आहे का हो? आंबट चेरीचं?" यावर आपण काय उत्तर देतो, याविषयी या अंकात बोलायचे आहे. माझ्या घरच्यांनी या उत्तराची किंमत मोजली आहे.

वसमतला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी जर्मनीत असते. तिच्या घरामागे आंबट चेरीचे झाड आहे. जुलैत बहीण तिकडे होती. झाडाखाली उभे राहून तिने फळे खाल्ली, मुरंबा घातला आणि परत आली ती हेच झाड आपल्या परसात लावायचे ठरवून. उत्तरेकडच्या एका विक्रेत्याने 'कुठेही येते' असे सांगून कलम पाठवले. पहिल्या हिवाळ्यानंतर, चैत्रात समोरचा कडुनिंब पालवला, तरी हे झाड उघडेच. एप्रिल सरता सरता शेंड्याला चार पाने आली. खालचे डोळे मिटलेलेच राहिले. "दादा, हे मरतही नाही अन् फुलतही नाही," ती म्हणाली. तिसऱ्या पावसाळ्यात खोडातून डिंक वाहू लागला, आणि उपटले तेव्हा मुळ्या काळ्या पडून सडल्या होत्या.

त्या विक्रेत्याला ठाऊक असायला हवे होते, ते आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. आंबट चेरी म्हणजे प्रुनस सेरासस. झाड आटोपशीर, आणि बहुतेक जाती स्वतःच्याच परागावर फळणाऱ्या, म्हणून युरोपात एकट्या झाडासाठी परसात तिला पसंती. गोड चेरीला सहसा सोबतीला दुसरी जात लागते; हिला लागत नाही. एवढे ऐकून आपल्याकडचा माणूस हरखतो. पण या झाडाच्या डोळ्यांना हिवाळ्यात झोप लागते आणि ती पुरी झाल्याशिवाय ते उमलत नाहीत. ती झोप मोजतात सुमारे सात अंश सेल्सिअसच्या खाली गेलेल्या तासांत. आंबट चेरीच्या रूढ जातींना असे साधारण सातशे ते बाराशे तास लागतात. हिंगोलीत थंडीच्या लाटेतल्या मोजक्या पहाटे पारा तिथवर उतरतो, आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तिशीला भिडतो. उबदार दुपार रात्री मिळवलेला गारवा पुसून टाकते. म्हणजे पहाटेचे ते तास खात्यावर जमा होतात आणि दुपारीच खर्ची पडतात.

जिथे हे झाड खरोखर नांदते, तिथेही अवेळी ऊब आली तर त्याची खैर नसते. अमेरिकेतले मिशिगन राज्य आंबट चेरीचे माहेरघर. तिथे २०१२ च्या मार्चमध्ये उन्हाळ्यासारखी ऊब पडली, डोळे वेळेआधी फुटले, मग दहिवराने सगळे जाळले आणि त्या वर्षीचे सुमारे नव्वद टक्के पीक गेले. इतक्या थंडीवर बेतलेल्या झाडाला आपल्या मे महिन्यातल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत उभे करायचे आणि जूननंतर काळ्या चिकण रानात पाण्यात ठेवायचे, हा झाडावर अन्याय आहे. चेरीच्या मुळ्यांना साचलेले पाणी सोसत नाही. कयाधू-पूर्णेकाठच्या भारी जमिनीत अशी मुळी किती टिकणार?

"मग सफरचंद कसे आले?" हा प्रतिप्रश्न येतोच. अण्णा किंवा हरिमन ९९ या कमी थंडीच्या जातींमुळे महाराष्ट्रातल्या काही बागांत सफरचंद लागले, हे खरे. पण ती जातींची किमया. आंबट चेरीत तशी खात्रीची जात आपल्या बाजारात नाही, आणि सफरचंद आले म्हणून चेरीही येईल, असे कोणी सांगत असेल तर तो गिऱ्हाइकाच्या तीन वर्षांशी खेळतो.

दुसरा घोळ नावाचा. आपल्या मांडवात 'चेरी' या चिठ्ठीखाली निदान तीन वेगळी झाडे असतात. सिंगापूर चेरी म्हणजे मुंटिंजिया. झपाट्याने वाढते, दीड-दोन वर्षांत फळते, सावली देते, पाखरांना आवडते. पण फळ गोड आणि मऊ. बार्बाडोस चेरी, म्हणजे अॅसेरोला, खरोखर आंबट आणि क जीवनसत्त्वाने भरलेली, फुलापासून फळ तीन-चार आठवड्यांत. मात्र मुळ्या उथळ आणि सूत्रकृमीला बळी पडणाऱ्या. सुरीनाम चेरी तर जांभळाच्या कुळातली. तिघींपैकी एकही प्रुनस नाही. विकायला हरकत मुळीच नाही. चिठ्ठीवर पुरते नाव लिहिले नाही, तर मात्र आपण फसवतो. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा १९६९ चा आहे. परवान्याची पाटी आपण भिंतीवर लावतो, तेवढ्याच काळजीने रोपाच्या पिशवीला नावही बांधले पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. आंबट चेरी मागणाऱ्याला हवे काय असते? अंगणात हात पोचेल अशा उंचीवर लाल, आंबट, गोळीएवढे फळ, ज्याचा मुरंबा होईल. ते द्यायला आपल्याकडे करवंद आहे. गंमत अशी की त्याला आपण 'चेरी' म्हणून खातोच. बेकरीच्या केकवर, आइस्क्रीमवर बसणारी ती लालभडक चेरी पुष्कळदा करवंदच असते: बी काढून, मिठाच्या पाण्यात मुरवून, हळूहळू घट्ट होत जाणाऱ्या पाकात शिजवून रंगवलेले. आमच्या मते महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांनी या झाडाला आजवर कुंपणापलीकडे जाऊच दिले नाही, आणि ही आपली चूक आहे.

सह्याद्रीत मे महिन्यात द्रोणात मिळणारी काळी मैना ही रानची जात. अंगणासाठी घ्यायचे ते मोठ्या फळाचे करवंद, कॅरिसा कॅरंडस: दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड', किंवा पंतनगरच्या 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन', 'पंत सुवर्णा'. मुरमाड, हलकी, चुनखडीची जमीन त्याला चालते. एकदा रुजले की पाण्यासाठी रडत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाईसारखी वासाची पांढरी फुले येतात, श्रावण-भाद्रपदात फळ पिकते. स्थिरावलेल्या झाडाला तीन-चार किलो फळ सहज लागते. फळात पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेली बाहेरून काही न घालता बसते. कच्चे असताना लोणचे, पिकले की मुरंबा.

गिऱ्हाइकाला तीन गोष्टी आधीच सांगाव्यात. काटे दुहेरी आणि कणखर असतात, म्हणून लहान मुले खेळतात त्या वाटेवर लावू नये. फळ तोडताना देठाशी चीक येतो. पांढऱ्या चिकाची अनेक झाडे विषारी असतात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना माहीत असते, आणि करवंद कण्हेरीच्याच कुळातले आहे. म्हणून ते शंका घेतील तेव्हा पिकलेले फळ निर्धोक आहे हे स्पष्ट सांगा, आणि शेजारी कण्हेर लावली असेल तर दोन्हींची चिठ्ठी वेगळी ठेवा. छाटणी फळ उतरल्यावर करावी. फुलोरा कोवळ्या शेंड्यांवर येतो, उन्हाळ्याच्या तोंडावर कात्री चालवली की त्या वर्षीचे फळ गेले.

बहिणीने परसाच्या पश्चिम कडेला सहा रोपे लावली आहेत, एकेक मीटरवर. पहिला मुरंबा जर्मनीला गेला. मुलीने फोनवर सांगितले की चव निराळी आहे, चेरीची नाही. आणि दुसरी बाटली मागितली.

हा महिना बियांचा आहे. करवंदाचे बी वाळवून ठेवले की उगवणशक्ती झपाट्याने जाते. पुढच्या उन्हाळ्यासाठी डब्यात भरून ठेवणारे फसतात. पुरते काळपट झालेले फळ घ्या, गर धुऊन काढा, सावलीत पाणी निथळू द्या आणि त्याच आठवड्यात पिशव्यांत टोका. दोन-तीन आठवड्यांत कोंब येईल. मोठ्या फळाची खात्रीची झाडे हवी असतील तर गुटी बांधायलाही हाच पाऊस चांगला. छाट कलम चिकामुळे रुसते, तिथे संजीवक लागते. पिशवीवर शाईने लिहा: करवंद, जातीचे नाव, आणि खाली छोट्या अक्षरांत: आंबट चेरीऐवजी.