संख्येशी धरलेला अबोला

विद्यापीठातील सांख्यिकी विभागाच्या सूचनाफलकावर साधारणतः एकाच जातीचा मजकूर आढळतो. कुणा संशोधकाची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा अमुक तारखेला. नमुना पाहणीच्या कार्यशाळेसाठी नावे द्यावीत. परगावच्या संस्थेतून आलेल्या पाहुण्यांचे व्याख्यान गुरुवारी दुपारी, विषय असा असा, चहा त्याआधी. खाली बहुधा एक ओळ असते : व्याख्यान सर्वांसाठी खुले आहे. या ‘सर्वां’तून मराठीच्या माणसाला कुणी वगळलेले नसते, तो स्वतःच स्वतःला वगळून घेतो. प्रस्तुत लेखात आम्हांला भांडायचे आहे ते या सवयीशी.

ही सवय निव्वळ आळसाची असती, तर तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु तिला तत्त्वाचा मुलामा दिला जातो. साहित्याचा अभ्यासक म्हणजे संवेदनेचा उपासक, आकडा हा संवेदनेचा वैरी, सबब आकड्यांच्या वाटेस न जाणे हेच रसिकतेचे लक्षण, असा हा युक्तिवाद आहे. ‘आम्हांला बुवा गणित येत नाही’ हे वाक्य मराठीच्या खोलीत काहीशा अभिमानाने उच्चारले जाते. ‘आम्हांला बुवा कविता कळत नाही’ असे गणिताच्या प्राध्यापकाने म्हटले, तर त्याच खोलीत त्याची कीव केली जाते. आमच्या मते ही दोन्ही वाक्ये सारखीच अडाणीपणाची आहेत.

संख्येशी असा अबोला आपल्या परंपरेला तरी ठाऊक नव्हता. अमरकोशात ‘संख्या’ हा शब्द चर्चा आणि विचारणा यांच्या पंक्तीला बसतो. आणि विद्वानाचे पर्याय सांगताना तोच कोश संख्यावान्, पंडित आणि कवी यांना शेजारी शेजारी आसन देतो. आपले छंदःशास्त्र तर मोजणीवरच उभे आहे. ठरावीक मात्रांचा चरण लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल, हा प्रश्न आपल्या छंदःशास्त्रज्ञांनी विचारला आणि सोडवला. आठ मात्रांचा चरण ३४ प्रकारे भरता येतो. विरहांकाने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने सांगितलेली १, २, ३, ५, ८, १३ ही मालिका पुढे जगभर ओळखली गेली ती १२०२ साली ग्रंथ लिहिणाऱ्या फिबोनाचीच्या नावाने. तिचा जन्म मात्र वृत्तविचारातून झाला. माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ शिकवणाऱ्या विभागाने मोजणीला परकी म्हणावे, यासारखा विनोद नाही.

पाहुण्या वक्त्यांविषयी बोलायचे, तर भारतातील सर्वांत बोलका दाखला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती १९३१ साली स्थापन केली. हा गृहस्थ मुळात भौतिकशास्त्राचा अध्यापक, आणि त्याच वेळी रवींद्रनाथांच्या निकटच्या वर्तुळातला. विश्वभारतीच्या सचिवपदाची जबाबदारीही त्याने वर्षानुवर्षे वाहिली. १९३३ साली संस्थेचे नियतकालिक निघाले, तेव्हा त्यांनी त्याचे नाव ‘संख्या’ असे ठेवले ते या शब्दातील गणना आणि ज्ञान हे दोन्ही अर्थ मनात धरूनच. या संस्थेत कोण कोण येऊन गेले? १९३८ साली कोलकात्यात भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेचे अध्यक्षपद रोनाल्ड फिशर यांच्याकडे होते. १९५५-५६ साली नॉर्बर्ट वीनर तेथे राहिले. १९५७ साली जे. बी. एस. हॉल्डेन आले ते संस्थेत काम करण्यासाठीच. १९६२ साली आंद्रेई कोल्मोगोरोव्ह आले, आणि एखादी अंकमालिका यादृच्छिक आहे असे म्हणण्याचा अर्थ काय, या प्रश्नावरील त्यांचा निबंध पुढच्याच वर्षी ‘संख्या’मध्ये छापला गेला.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. हेच कोल्मोगोरोव्ह त्याच सुमारास रशियन कवितेच्या लयीचा अभ्यास करीत होते. मायाकोव्हस्कीच्या पद्यरचनेवर त्यांनी लिहिले आहे. संभाव्यताशास्त्राला त्याचा आधुनिक पाया देणारा माणूस कवितेच्या चरणातील आघात मोजीत बसला होता, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्याला मात्र त्याच्या विभागाचा उंबरठा ओलांडण्यात कमीपणा वाटतो.

आता नेहमीचा आक्षेप : साहित्य मोजता येत नाही. मान्य. पण ते मोजता येते असे म्हणतो कोण? १९१३ साली आंद्रेई मार्कोव्ह यांनी पुश्किनच्या ‘येव्गेनी ओनेगिन’मधील पहिली २०,००० अक्षरे घेऊन त्यांतील स्वर आणि व्यंजने मोजली. स्वर निघाले ८,६३८ आणि व्यंजने ११,३६२. आपण पुश्किनचे काव्य उलगडले, असा दावा त्यांनी केला नाही. एका अक्षरानंतर कोणत्या जातीचे अक्षर येईल हे मागच्या अक्षरावर किती अवलंबून असते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आणि त्या मर्यादित प्रश्नाला त्यांनी मर्यादित उत्तर दिले. आपल्या समीक्षेत अमर्याद प्रश्नांना अमर्याद उत्तरे देण्याची जी रीत पडली आहे, तिच्या तुलनेत ही नम्रता अभ्यासण्याजोगी आहे.

दुसरे उदाहरण कर्तृत्वाच्या वादाचे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ साली लिहिल्या गेलेल्या ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा जुना तंटा होता. फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या दोन सांख्यिकीतज्ज्ञांनी १९६४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांनी भारदस्त शब्द आणि विचार बाजूला ठेवले व लेखकाच्या हातून नकळत पडणारे क्षुल्लक शब्द मोजले. ‘अपॉन’ हे अव्यय हॅमिल्टन सढळ हाताने वापरतो, मॅडिसन क्वचितच. अशा अनेक शब्दांच्या साक्षीवरून पारडे मॅडिसनच्या बाजूला झुकले.

हे वाचताना मराठीच्या अभ्यासकाला आपल्या घरचा वाद आठवायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या नावाने लिहिणाऱ्या शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘सुधारक’ पत्रातून ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता हे दोन वेगळे पुरुष असल्याचे प्रतिपादन केले. त्यावर केवढे रण माजले! हा वाद आपण एम.ए.च्या वर्गात आजही ‘मतमतांतरे’ या मथळ्याखाली शिकवतो आणि पुढच्या घटकाकडे वळतो. ‘म्हणौनि’, ‘परी’, ‘तरी’, ‘कां’ यांसारख्या शब्दांची साक्ष काढावी, असे सांख्यिकीतला माणूस सुचवील. त्यावर आपण त्याला सांगू, की एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. अभंग तर कीर्तनकारांच्या आणि वारकऱ्यांच्या मुखातून फिरत आले, त्यांची भाषा वाटेत बदलली. शिवाय ज्ञानेश्वरी हे भाष्य. ‘जैसें-तैसें’ची दृष्टान्तमाला त्या ग्रंथप्रकाराचीच गरज. मग शब्दांच्या प्रमाणात जो फरक दिसेल तो कर्ता बदलल्यामुळे की ग्रंथप्रकार बदलल्यामुळे? नेमका हाच प्रश्न पाहुण्या वक्त्याला विचारायचा असतो. तो विचारायला सांख्यिकी विभागात दुसरे कोणी नाही, आणि आपण जात नाही.

बरे, आपण मोजत नाही असेही नाही. आपण न मोजता मोजणीची भाषा वापरतो. ‘साठोत्तरी कादंबरीत शहरी एकाकीपणा प्रकर्षाने आढळतो’, ‘बहुतांश ग्रामीण कथा स्मरणरंजनात अडकली’, ‘प्रातिनिधिक कवितांचा संग्रह’ ही सारी विधाने संख्येविषयी आहेत. त्या दशकात कादंबऱ्या किती निघाल्या, त्यांतील किती समीक्षकाने वाचल्या, आणि वाचलेल्या कोणत्या निकषावर निवडल्या? ‘प्रातिनिधिक’ हा शब्द सांख्यिकीत उच्चारला, की पुढचा प्रश्न येतो : नमुना कसा घेतला? आपल्याकडे हा शब्द बहुधा संपादकाच्या आवडीला दिलेला सन्मानदर्शक पर्याय असतो. आवड वाईट नव्हे. तिने प्रातिनिधिकतेचा झगा घालू नये, इतकेच.

शब्दांवरचा वाद हा आपलाच प्रांत, असा एक गोड समजही आहे. ‘गरीब’ हा शब्द घ्या. १९७१ साली पुण्यातील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यावरील अभ्यासात दरडोई दररोज सरासरी २,२५० उष्मांकांचा आधार घेऊन रेषा आखली. मूळचे सातारा जिल्ह्यातले सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर हरकत घेतली : एकाच निरोगी माणसाचा आहारही कमी-जास्त होत असतो, तेव्हा सरासरीच्या खाली असलेला प्रत्येकजण कुपोषित कसा म्हणावा? दोघांपैकी कोणाचे बरोबर, हा येथे मुद्दा नाही. कोट्यवधी माणसे ‘गरीब’ या शब्दात बसतात की त्याबाहेर पडतात, याचा निवाडा या वादात होत होता. दलित आत्मकथनांतील भूक शिकवणाऱ्या विभागाने त्या चर्चेत श्रोता म्हणूनही नसावे, हे आम्हांला पटत नाही.

आणि आता आपल्या स्वतःच्या मानगुटीवर बसलेल्या आकड्यांकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमावलीने अध्यापकाच्या कामाला गुणांकात बसवले. २०१८ साली तिचे रूप पालटले, तरी मान्यताप्राप्त नियतकालिकातील शोधनिबंधाला भाषा विषयांत १० गुण हा हिशेब त्यातही आला. त्यावर आपण चहाच्या टपरीवर चिडतो, उपरोधिक लेख लिहितो आणि ३१ मार्चपूर्वी तक्ता भरून देतो. गुणांसाठी निघालेली नियतकालिके आणि गुणांसाठी भरलेली चर्चासत्रे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. या व्यवस्थेविरुद्धचा सर्वांत भेदक युक्तिवाद मात्र साहित्याच्या विभागातून आलेला नाही. २००८ साली आंतरराष्ट्रीय गणित संघटनेने, उपयोजित गणिताच्या आणि गणिती सांख्यिकीच्या संस्थांसह, संदर्भगणनेच्या दुरुपयोगावर अहवाल प्रसिद्ध केला. आकडा हा जाणकाराच्या निर्णयाहून आपोआप श्रेष्ठ ठरत नाही, हे त्यात स्वच्छपणे मांडले आहे. त्याआधी, १९९६ साली, हार्वे गोल्डस्टीन आणि डेव्हिड स्पिगेलहाल्टर या सांख्यिकीतज्ज्ञांनी शाळा-रुग्णालयांच्या क्रमवार्‍यांची मर्यादा दाखवून दिली होती. आपली बाजू लढवणारा वकील पलीकडच्या इमारतीत बसलेला असताना आपण न्यायालयाबाहेर उभे राहून कायद्यालाच शिव्या देत आहोत.

पाहुण्याचे स्वागत कसे करावे, हेही तेथे जाऊन पाहण्याजोगे आहे. साहित्याच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, परिचय, परिचयकर्त्याचा परिचय आणि अध्यक्षीय समारोप यांतून व्याख्यानाला जागा मिळते. प्रश्नांना ‘वेळेअभावी’ मिळत नाही. सांख्यिकी विभागात पाहुणा फळ्यासमोर उभा राहतो आणि दहाव्या मिनिटाला कोणी विद्यार्थी विचारतो, की हे गृहीतक कशावरून? याला कोणी उद्धटपणा मानत नाही. आपल्याकडे वक्त्याचा सन्मान होतो, त्याच्या म्हणण्याचा होत नाही.

सांख्यिकीवाल्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. इंग्रजीसाठी घडवलेल्या शब्दगणनेच्या पद्धती मराठीला जशाच्या तशा लावणे हा अविचार आहे. ‘घर’, ‘घरात’, ‘घरातल्या’, ‘घरापासून’ हे चार शब्द की एका शब्दाची चार रूपे, हे ठरवल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही, आणि ते व्याकरण जाणणाराच ठरवू शकतो. यंत्रांना मराठी शिकवण्याच्या आजच्या काळात तर असे प्रश्न रोजचे झाले आहेत. त्यांनी आपल्या फलकावर ‘सर्वांसाठी खुले’ असे लिहून न थांबता मराठीच्या अध्यापकाला वक्ता म्हणूनही बोलवावे.

दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत, प्राचीन नाणी तोलून त्यांच्या झिजेवरून इतिहास वाचीत, आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही (१९४८) त्यांनीच सिद्ध केली. प्रत्येकाने कोसंबी व्हावे, अशी आमची मागणी नाही. आमची मागणी अगदी साधी आहे. दर सत्रात दोन्ही विभागांचे मिळून एक व्याख्यान व्हावे. संशोधनपद्धतीच्या अभ्यासपत्रिकेत नमुना, सरासरी आणि प्रमाण यांवर चार तासिका असाव्यात, आणि त्या सांख्यिकीच्या अध्यापकाने घ्याव्यात. पीएच.डी.च्या प्रबंधात ‘बहुतांश’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मौखिक परीक्षेत ‘कितीपैकी किती?’ असे विचारले जावे. आकडा खोटा आहे असे म्हणण्याचा अधिकार, तो कोठून आला हे विचारण्याचे कष्ट घेणाऱ्यालाच असतो; आणि हे कष्ट टाळणाऱ्यांच्या वतीने आकडे दुसरेच कोणीतरी ठरवीत राहते.