रकान्यास रकाना

वार्षिक परीक्षा आटोपल्या की शाळाशाळांतून आकडेमोडीचा हंगाम सुरू होतो. सहामाहीचे गुण एका तक्त्यावर, वार्षिकाचे दुसऱ्यावर. दोहोंची विषयवार बेरीज करून निकाल सिद्ध करावयाचा. मराठीचे गुण मराठीत मिळवावयाचे, गणिताचे गणितात. वरवर पाहता यात विचार करण्याजोगे काही दिसत नाही, आणि आता तर हे काम संगणक क्षणार्धात उरकतो. परंतु दोन तक्ते रकान्यास रकाना लावून जुळविणे ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही, असे आमचे मत आहे.

आमच्या वडीलधाऱ्यांस हे चांगले ठाऊक होते. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी चलनात येण्यापूर्वी हिशेब रुपये, आणे आणि पै असा तीन रकान्यांत चाले. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. 3 रुपये 11 आणे 8 पै यांत 2 रुपये 9 आणे 7 पै मिळवावयाचे असता प्रथम पैंत पै: पंधरा, म्हणजे तीन पै आणि हातचा एक आणा. मग आणे: अकरा, नऊ आणि हातचा एक मिळून एकवीस, म्हणजे पाच आणे आणि हातचा एक रुपया. उत्तर 6 रुपये 5 आणे 3 पै. येथे शेजारचे रकाने एकमेकांस देणे लागतात. गुणपत्रकात मात्र तसे नाही. हिंदीत वरचढ ठरलेले गुण गणिताच्या मदतीस धावून जात नाहीत. तेव्हा बेरीज मांडण्यापूर्वीच, हातचा पुढे जाणारे हे रकाने आहेत की स्वतंत्र आहेत, हे ठरवावे लागते.

दुसरा प्रश्न जोडीचा. जोडी स्थानावरून लावावयाची की नावावरून? सहामाहीच्या यादीत चाळीस मुले आहेत आणि वार्षिकापूर्वी सतरावा विद्यार्थी बदलीच्या गावी गेला, असे समजू. नवी यादी एकोणचाळीसांची झाली. आता पहिल्यापुढे पहिला, दुसऱ्यापुढे दुसरा अशी बेरीज केली, तर सोळा मुलांपर्यंत सर्व ठीक. त्यानंतर मात्र प्रत्येकाच्या पदरी शेजाऱ्याचे गुण पडतात. गंमत अशी की तळाची एकूण बेरीज तरीही बिनचूक येते! केवळ ताळा पाहणाऱ्यास काहीच संशय येणार नाही, आणि वर्षभर खपलेले एखादे लेकरू मात्र नापास ठरेल. म्हणूनच हजेरीक्रमांक अथवा नाव पाहूनच जोडी लावावी. कीर्दीतील रकम खतावणीत नेताना जुने मुनीम खात्याचे नाव वाचीत. ओळी मोजीत बसत नसत.

तिसरा प्रश्न रिकाम्या रकान्याचा. तापाने अंथरुणास खिळलेल्या मुलीपुढे गुणांची जागा कोरी राहते. त्या जागी शून्य लिहिले की तिला काहीच आले नाही असा अर्थ होतो. वस्तुतः तिची परीक्षाच झालेली नसते. कोरेपण आणि शून्य ही दोन वेगळी विधाने आहेत. कोऱ्या जागेचे काय करावयाचे हे यंत्रास आधी सांगून ठेवावे, नाही तर ते आपल्या समजुतीने काहीतरी करून मोकळे होते.

सर्वांत फसवा प्रकार निराळाच. नाव तेच असते, परंतु वस्तू बदललेली असते. याचे उदाहरण आम्हां मध्य प्रदेशवासीयांच्या घरचेच आहे. 1991 च्या जनगणनेत मध्य प्रदेशाची लोकसंख्या 6,61,81,170 होती. 2001 च्या जनगणनेत ती 6,03,48,023 भरली. नावास नाव लावून वजाबाकी केली तर दहा वर्षांत अठ्ठावन्न लाखांवर माणसे नाहीशी झाली असे निघते! ना दुष्काळ, ना साथ. खरे कारण असे की 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. 1991 च्या आकड्यातून छत्तीसगडचे 1,76,14,928 लोक वेगळे काढले की आजच्या सीमेतील मध्य प्रदेशाचे 4,85,66,242 उरतात. आता वजाबाकी करा: घट नव्हे, तर 1,17,81,781 ची वाढ. रकान्याचे शीर्षक बदलले नव्हते. त्याखालची भूमी बदलली होती. अशा चुकीच्या वजाबाकीवर कोणी शाळा आणि दवाखाने आखू लागला, तर अनर्थ कोणावर ओढवेल हे सांगावयास नको.

संगणकास दोष देण्यात अर्थ नाही. तो सांगितले तेवढे निमूटपणे करतो. सांगणाऱ्याने आधी चार गोष्टी पाहाव्यात: रकाने एकमेकांस देणे लागतात काय, जोडी नावावरून लागली आहे काय, कोऱ्या जागेचा अर्थ ठरला आहे काय, आणि त्या नावाखाली दोन्हीकडे तीच वस्तू आहे काय. घरचा दोन महिन्यांचा जमाखर्च ताडून पाहतानाही हे चार प्रश्न उपयोगी पडतील. किराण्याच्या रकान्यात या महिन्यात दूधही धरले असेल, तर खर्च वाढला म्हणून गृहिणीस बोल लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आपल्याकडे पत्रिका जुळविताना नुसती नावे पाहून कोणी होकार देत नाही. आकड्यांच्या बाबतीतही तितकीच चौकशी करावी, एवढेच आमचे सांगणे.