या वायफायवर कोण कोण आहे?

सावंगी आणि सेवाग्रामची वैद्यकीय महाविद्यालये, हिंदी विश्वविद्यालय, शिवाय अभियांत्रिकीची मुले. त्यामुळे वर्ध्यात वरची खोली विद्यार्थ्यांना भाड्याने देणे ही अंगवळणी पडलेली गोष्ट. पूर्वी भाड्यात पाणी आणि लाइट धरत, आता वायफायही धरतात. खाली मालकाचा संगणक आणि मुलीचा लॅपटॉप, वर भाडेकरू पोरांचे दोन-तीन लॅपटॉप, आणि राउटर सगळ्यांचा एकच. अशा घरात ‘खालच्या दोन संगणकांत वायफायवरून फाइली शेअर कराव्यात का?’ हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

शेअर कराव्यात, या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून २० जीबी झाले असे धरू. गुगल ड्राइव्हवर फुकटची जागा १५ जीबी, म्हणजे तिथेच अडले. जागा विकत घेतली तरी ५० एमबीपीएसच्या जोडणीवर ते चढवायला पाऊण तासाच्या वर, आणि दुसऱ्या संगणकावर उतरवायला पुन्हा तेवढाच वेळ. माजघरातून पडवीत जाणारा फोटो आधी परदेशी कंपनीच्या सर्व्हरची वारी करून येणार, हे वर्ध्यासारख्या गावात तरी खटकायला हवे. उलट ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर, राउटर जवळ असेल, तर तेच काम दहा-पंधरा मिनिटांत होते. त्याला इंटरनेट लागतच नाही. मृगाच्या तोंडावरच्या वादळात फायबर तुटून दोन दिवस नेट गेले तरी घरातल्या घरात फाइली फिरत राहतात. फक्त राउटरला वीज हवी. तो इन्व्हर्टरवर नसेल तर लाइट गेल्याबरोबर अर्धवट कॉपी झालेली फाइल हातात राहते.

पण हा हिशेब राउटर जवळ असलेल्या घराचा. जुन्या विटामातीच्या दीड फुटी भिंती ५ गिगाहर्ट्‌झची लहर जवळजवळ गिळून टाकतात. उरते २.४ गिगाहर्ट्‌झ, आणि शेजारच्या चार घरांचे राउटरही त्याच पट्ट्यात बोलत असतात. तिथे २० एमबीपीएस मिळाले तर २० जीबीला सव्वादोन तास लागतील. स्वस्तातला पेनड्राइव्हसुद्धा हे काम तासाभरात उरकतो. दोन्ही संगणक वायफायवर असले की प्रत्येक फाइल त्याच हवेतून दोनदा जाते: एकदा राउटरकडे, एकदा राउटरकडून. म्हणून एक संगणक तरी साध्या केबलने राउटरला जोडावा. दोनशे-तीनशे रुपयांची ही केबल महागड्या नव्या राउटरपेक्षा अनेकदा जास्त उपयोगी पडते, पण दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही.

वेगापेक्षा मोठी शंका सुरक्षिततेची आहे. विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये ‘होमग्रुप’ नावाची सोपी सोय आली होती. २०१८ मध्ये ती विंडोज १० मधून काढून टाकण्यात आली. तेव्हापासून ‘फोल्डर दिसत नाही’ ही तक्रार ठरलेली. मग कुणीतरी ओळखीचा येतो, पासवर्डची अट बंद करतो, अख्खा डी ड्राइव्ह ‘एव्हरीवन’ला उघडा करतो आणि फाइली शेअर करण्याची एसएमबी-१ ही जुनी पद्धत चालू करून जातो. फोल्डर दिसायला लागतो, घरचे खूश. त्याच जुन्या पद्धतीतल्या एका दोषाचा फायदा घेऊन मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ हा दुसरा व्हायरस आला, आणि न्हावाशेवाच्या बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न घेतलेल्या संगणकांनीच वॉनाक्रायला वाट करून दिली. दुरुस्ती घेतलेल्या संगणकावर तो दोष उरत नाही हे खरे. पण एसएमबी-१ स्वतःच जीर्ण आहे आणि नव्या विंडोजमध्ये ती मुळातच बंद असते. ज्या जुन्या यंत्रासाठी ती उघडावी लागते, ते यंत्रच बदलण्याच्या लायकीचे झालेले असते.

मुद्दा भाडेकरू पोरांवर संशय घेण्याचा नाही. बिचारी अभ्यास करतात, परीक्षेच्या आधी तर रात्रभर. पण त्यांच्या लॅपटॉपवर कुठून काय उतरले आहे ते त्यांनाही ठाऊक नसते, आणि तो लॅपटॉप आपल्याच जाळ्यावर असतो. वर आलेल्या त्यांच्या मित्रालाही पासवर्ड मिळतो. आपल्या सातबाराच्या, बँक पासबुकाच्या, आधारच्या स्कॅन केलेल्या प्रती त्याच डी ड्राइव्हवर पडलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. दुसऱ्या संगणकावरच्या शेअर फोल्डरमधून फाइल पुसली तर ती सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. शेअर केलेला फोल्डर हा बॅकअप नव्हे. त्यासाठी वेगळी हार्ड डिस्क कपाटात हवीच.

एवढे सगळे तोलून आमचे मत शेअरिंगच्या बाजूने आहे, पण मोजक्या शेअरिंगच्या. एकच फोल्डर, त्याला वेगळे वापरकर्ता नाव आणि पासवर्ड, आणि ज्याला फक्त पाहायचे आहे त्याला फक्त पाहण्याची मुभा. भाडेकरूंसाठी राउटरवर ‘गेस्ट’ नेटवर्क चालू करावे. बऱ्याच नव्या राउटरांत ही सोय असते आणि तिथून घरातले संगणक दिसत नाहीत. ती नसेल, तर भाडेकरू असलेल्या घरात पेनड्राइव्हच बरा, त्यात कमीपणा काही नाही. वर्षातून एकदाच मोठी फाइल हलवायची असेल तरीही पेनड्राइव्हच काढावा.

फायबर बसवून गेलेल्या मुलाने ठेवलेला राउटरचा मूळ पासवर्ड अजून तोच असेल, तर आज तो बदला. मग राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी उघडा, घरातले फोन, टीव्ही आणि लॅपटॉप मोजा, आणि आकडा जुळेपर्यंत एकही फोल्डर शेअर करू नका.