लाईट आहे तोवर

हळू चार्ज करा, बॅटरी जास्त टिकेल. फास्ट चार्जरने बॅटरी मरते. वीस टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, ऐंशीच्या वर नेऊ नका. रात्री झोपताना साध्या चार्जरला लावा, सकाळी काढा. आठवडाभर हा सल्ला आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय आणि दर वेळी तो वाचून माझं डोकं तापतंय. सल्ला तसा अगदीच चुकीचा नाही. पण लिहिणाऱ्याच्या घरी रात्रभर लाईट असते, आणि सगळ्यांच्याच घरी ती तशी असते असं तो धरून चाललाय. मी नुकताच जव्हार तालुक्यातल्या साखरशेतहून आलोय.

जव्हार-मोखाड्याबद्दल मी इथे पुन्हा पुन्हा लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. रस्त्यांवर लिहून झालं, दिवाळीनंतर ओस पडणाऱ्या पाड्यांवर लिहून झालं. आज चार्जरवर लिहितो, कारण साखरशेतच्या एका किराणा दुकानात मी पावसामुळे बराच वेळ अडकून बसलो आणि समोर दुसरं काही चाललेलंच नव्हतं.

लाईट आदल्या दिवशीच गेलेली. कुठेतरी तारेवर झाड पडलं होतं. पावसात हे नेहमीचंच. दुकानदाराकडे इन्व्हर्टर, म्हणून आसपासच्या पाड्यांवरचे फोन त्याच्याकडे जमलेले. फळीवर तेलाच्या पुड्यांशेजारी एक लांब बोर्ड, त्याच्या सगळ्या जागा भरलेल्या. फोनांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने नाव. नाव नसेल तर पाडा. एका फोनची पाठ बॅटरी फुगून वर आली होती. ती सायकलच्या ट्यूबची रिंग कापून आवळून बसवली होती. फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. त्या फोनवाल्याला मी हे सांगितलं, त्याने लगेच फोन काढून घेतला आणि विचारलं, “मग आता बोलायचं कशावर?” नवी बॅटरी टाकायची तर आधी जव्हार गाठायचं, आणि दिवसाची मजुरी सोडायची.

त्या सगळ्यांत फास्ट चार्जर एकच, बारावीतल्या एका मुलाचा, ३३ वॉटचा. सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. “काका, माझ्या फोनला हा पळतो. ताईंच्या फोनला लावला तर साध्यासारखाच चालतो,” तो म्हणाला. पोरगं बरोबर बोलत होतं. जलद चार्जिंगची पद्धत बऱ्याच कंपन्यांनी आपापली ठेवली आहे. फोन, चार्जर आणि केबल तिन्हींचं जुळलं तरच वॉट चढतात, नाहीतर गाडी पाच-दहा वॉटवर येऊन थांबते.

शास्त्र थोडक्यात सांगून टाकतो. हल्लीच्या साध्या फोनमध्ये ५००० एमएएचची बॅटरी असते, म्हणजे साधारण १९ वॉट-तास वीज. जुन्या ५ वॉटच्या चार्जरला ती भरायला जवळपास पाच तास लागतात, १० वॉटच्याला अडीच-तीन. ३३ वॉटचा जुळणारा चार्जर अर्ध्या तासाच्या आत-बाहेर निम्मी बॅटरी भरतो आणि तासा-सव्वा तासात पूर्ण. सुरुवातीचे टक्के झपाट्याने चढतात, शेवटचे रेंगाळतात, कारण लिथियमच्या आयनांना ग्राफाइटच्या थरांत शिरायला जागा लागते. जव्हार स्टँडवर रिकामी एसटी लागली की आधी भराभर भरते आणि मग माणसं दारातच अडकतात, तसं ते असतं. अशा वेळी जोर लावला तर आयन आत जाण्याऐवजी वरच लिथियम धातू होऊन साचतात आणि बॅटरीची ताकद कायमची घटते. म्हणून ऐंशी टक्क्यांच्या आसपास फोन स्वतःच वेग कमी करतो; तापला तरी करतो. बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता आहे. उशीखाली, उन्हात किंवा जाड कव्हरात चार्ज होणारा फोन साध्या चार्जरलाही खराब होतो. फास्ट चार्जिंगने आयुष्य काहीसं कमी होतं, हे खरं आहे.

पण कुणाच्या आयुष्याचा हिशोब आपण मांडतोय? ज्याच्या घरी लाईट कधी जातच नाही, त्याने रात्रभर हळू चार्ज करावं. त्याला घाई नाही आणि बॅटरी वर्षभर जास्त टिकली तर फायदाच. साखरशेतला लाईट आली आणि तासाभरात पुन्हा जाणार असली, तर त्या तासात ५ वॉटच्या चार्जरने वीसेक टक्के मिळतात आणि फास्ट चार्जरने बॅटरी जवळजवळ भरते. तिथे ऐंशीला थांबा म्हणून सांगणं म्हणजे पुढच्या दिवसाचं बोलणं कापणं. लाईट आहे तोवर शंभरपर्यंत भरावं, बॅटरी सहा महिने आधी गेली तरी चालेल. त्यात आणखी एक गोष्ट शहरात कुणाच्या ध्यानात येत नाही. रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत जास्त ताकद लावतो आणि बॅटरी दुप्पट वेगाने उतरल्यासारखी वाटते. पाड्यावर फोन नुसता खिशात ठेवला तरी संध्याकाळपर्यंत रिकामा होतो. फोन लागणार नसेल तेव्हा फ्लाइट मोडवर टाकणं हा तिथला खरा उपयोगी सल्ला आहे, आणि तो कुठल्याच ग्रुपवर फिरत नाही.

मुलगा ज्यांना ताई म्हणत होता त्या अंगणवाडी सेविका. त्यांचा फोन चार टक्क्यांवर. बाकावर बसून त्या बोर्डाकडे बघत होत्या, आणि त्यांना पाड्यावर परत जायचं होतं. “दादा, पोरांची वजनं कालच घेतली. वहीत सगळी लिहिलीत. पण वहीत कोण बघतंय, मोबाईलात भरायला लागतात.” त्यांनी पिशवीतून वही काढून दाखवली. नाव, आईचं नाव, उंची, वजन. शाईने, सुरेख अक्षरात, एका दोन वर्षांच्या मुलीच्या वजनाभोवती लाल गोल केलेला.

तो लाल गोल माझ्या मनातून जात नाही. १९९२ साली याच जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे देशभर कळलं. तेव्हापासून या डोंगरात मुलाचं वजन हा साधा आकडा राहिलेला नाही. २०२१ पासून तो आकडा पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपमध्ये जातो. त्याच वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. कमी क्षमतेचे, सतत बिघडणारे, त्यात ॲप इंग्रजीत. तो राग रास्तच होता. रोजगार हमीचंही तसंच. १ जानेवारी २०२३ पासून कामावरची हजेरी ॲपवर, दिवसातून दोन फोटो काढून लावायची सक्ती झाली. मुकादमाचा फोन दुपारी बंद पडला तर ज्या माणसाने सकाळपासून खोदाई केली त्याची हजेरी कुठे गेली? ई-पीक पाहणी फोनवर, रेशनचे ओटीपी फोनवर, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला कॉल करायचा तोही फोनवरच. सगळा कारभार फोनवर टाकताना फोन भरणार कुठे, हा प्रश्न कुणीतरी कागदावर मांडायला हवा होता.

आणि हे सगळं पालघर जिल्ह्यात चाललंय. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरला उभं राहिलं, ते आजच्या याच जिल्ह्यात. डहाणूचं ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्रही इथलंच. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. वीज कुठे तयार होते यावरून ती कुणाला मिळेल हे ठरत नाही, हे मला समजतं. तरी साखरशेतच्या बाकावर बसून ते पटत नाही.

आता पैशांचं बघा. फोन रोज शून्यापासून पूर्ण भरला तरी वर्षाला दहा युनिटच्या आत वीज लागते. वर्षाचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेलेली इथली माणसं मला सांगतात की झोपडीत लाईट नसते, फोन एकदा भरायचे दहा रुपये मोजावे लागतात. हिशोब केला तर युनिटला चारशे रुपये पडले. गावाकडे ठेवलेल्या म्हाताऱ्या आईचा आवाज ऐकण्यासाठी ते मोजतात. साखरशेतच्या दुकानदाराने मात्र माझ्यादेखत कुणाकडून पैसे घेतले नाहीत, आणि ताईंचा फोन स्वतःचा फोन काढून आधी लावला.

मार्ग फार महागडा नाही. २० वॉटचं सौर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला तीन फोन भरेल. पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही, म्हणून जोडीला मोठी पॉवर बँक हवी. लाईट असेल तेव्हा तीही जलद भरणारी. प्रत्येक अंगणवाडीला आणि प्रत्येक रोजगार सेवकाला एवढं दिलं तर ॲपची सक्ती करण्याचा निदान थोडा हक्क सरकारला मिळेल. फोन दिला की त्याला जुळणारा चांगला चार्जर आणि बॅटरी बदलायची सोय त्याच आदेशात असली पाहिजे.

वाचकांकडे एक मागणं आहे. त्या बोर्डावरचे कितीतरी फोन शहरातून गेलेले होते: कुणा साहेबांनी दिलेला, कुणा संस्थेने ऑनलाईन शाळेच्या वेळी वाटलेला. जवळजवळ सगळे चार्जरशिवाय आलेले, दमलेल्या बॅटरीचे, आणि बाजारातल्या मिळेल त्या चार्जरवर चाललेले. तुम्ही जुना फोन कुणाला देणार असाल तर त्याचा स्वतःचा चार्जर आणि केबल शोधून बरोबर द्या. सकाळी भरलेली बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नसेल तर आधी ती बदलून घ्या. चार्जर नव्या फोनला लागतोय म्हणून ठेवून घ्यायचा असेल, तर तसाच दुसरा विकत आणून द्या.