माप मागू नका



दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गोड्या मसाल्याचं माप कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. आजीला विचारलं की "अंदाजे" म्हणायची. धणे अंदाजे, खोबरं अंदाजे, दगडफूल तर अगदीच अंदाजे. हा "अंदाजे" बडोद्याहून निघालेल्या आपल्या पिढीने जगभर नेला आणि स्वयंपाकात तो कुठे अडला नाही. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याच ओळखीतल्या अमेरिकेतल्या मुलांचे मला जे फोन येतात, त्यावरून एक गोष्ट एकदा नीट लिहावी असं वाटलं. फोन एकाच गोष्टीसाठी असतो : "काका, तुमचं माप सांगा ना."

माप कशाचं, तर बंदुकीच्या दारूचं. दचकू नका. मी ओहायोत राहतो आणि सर्व्हिस रायफलच्या स्पर्धा खेळतो. लेक ईरीच्या काठावर कॅम्प पेरी म्हणून जागा आहे, तिथे १९०७ पासून नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात. उन्हाळ्यात तिथे एक छोटं गावच वसतं म्हणा. २०० यार्डांवर उभ्याने दहा गोळ्या, मग तिथेच बसून साठ सेकंदांत दहा, ३०० यार्डांवर पालथं पडून सत्तर सेकंदांत दहा, आणि ६०० यार्डांवर सावकाश वीस. रायफल सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप आत येतं. "घरात बंदूक कशाला ठेवतोस बाबा?" हे माझी बहीण अजून विचारते. तिचा प्रश्न चुकीचा नाही, आणि त्याला माझ्याकडे एका वाक्याचं उत्तरही नाही. रायफल तिजोरीत असते, काडतुसं दुसऱ्या कुलपात असतात, एवढं सांगतो.

आता हे खेळणारे बरेच जण काडतुसं घरीच भरतात. उडालेल्या गोळीची पितळी पुंगळी उचलून आणायची, धुवायची, साच्यात दाबून परत मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. आपल्या स्वप्नील कुसळेने पॅरिसला २०२४ साली ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, त्या खेळात हा उद्योग नाही, कारण .२२ च्या काडतुसात स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच असतो, ती परत भरता येत नाही. तिथे खेळाडू वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या रायफलीत उडवून बघतात आणि जो लॉट जमेल तो घेऊन ठेवतात. आमच्याकडे भरता येतं, म्हणून मोह जास्त.

माझा एक भाचा टेक्सासला असतो. मुलगा हुशार, हात चांगला. त्याने मित्राकडून एक "जबरदस्त माप" आणलं, नवं यंत्र घेतलं आणि तीनशे काडतुसं भरून टाकली. फोटो पाठवला, "मामा, बघा ग्रुप कसा आलाय!" मी ग्रुप बघितला नाही, उडालेल्या पुंगळ्यांच्या बुडांचा फोटो मागितला. प्रायमर चपटे झालेले, कडा गेलेल्या. पितळेवर इजेक्टरचा चकचकीत ठसा. एका पुंगळीची कड एक्स्ट्रॅक्टरने ओरबाडलेली. दाब मर्यादेबाहेर जातोय, याची ही सगळी खूण. त्याला म्हटलं, उरलेली सगळी उसवून काढ. एकही उडवायचं नाही. मग तो म्हणाला, "बरं, तुमचं माप द्या." मी नाही दिलं. दोन दिवसांनी ताईचा बडोद्याहून फोन. "अरे, सांगून टाक की पोराला. एवढं काय धरून बसलायस?"

ताई, आणि ताईसारखं वाटणाऱ्या सगळ्यांनी, का धरून बसलोय ते ऐका.

माझं माप माझ्या रायफलीचं आहे. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन रायफलींच्या आत काडतूस बसतं ती जागा, चेंबर, वेगळी असू शकते. एआर-१५ मध्ये .२२३ चं चेंबर, ५.५६ चं आणि वाइल्डचं, असे तीन प्रकार तर सर्रास मिळतात. त्यात पुंगळी कोणत्या कंपनीची, तिच्या भिंतीची जाडी किती, गोळी किती खोल बसवली, दारूचा डबा कोणत्या लॉटचा, यातल्या प्रत्येक गोष्टीने दाब बदलतो. ओहायोच्या डिसेंबरात नीट चालणारं काडतूस टेक्सासच्या ऑगस्टमध्ये, गरम झालेल्या चेंबरमध्ये, वेगळं वागू शकतं.

आणि आकडे किती बारीक आहेत बघा. दारू ग्रेनमध्ये तोलतात. एका ग्रॅममध्ये साधारण १५.४ ग्रेन. आपल्या सराफाची एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. .२२३ च्या छोट्या पुंगळीत दारू मावतेच मुळी पंचवीसच्या आसपास ग्रेन. म्हणजे गुंजभर इकडे-तिकडे झाली तर सौम्य काडतूस आणि धोक्याचं काडतूस एवढा फरक पडतो. फोनवर सांगताना एक आकडा चुकीचा ऐकू आला की संपलं.

सेमी-ऑटोची आणखी एक गंमत आहे, जी बोल्ट-ॲक्शनवरून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. बोल्ट-ॲक्शनमध्ये तुम्ही काडतूस हाताने हलकेच आत ढकलता. सेमी-ऑटोत स्प्रिंग ते आपटून आत नेते. एआरची फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट बंद होताना ती पुढे सरकून प्रायमरला टिचकी मारतेच. न उडवलेलं काडतूस बाहेर काढून बघा, प्रायमरवर बारीक ठिपका दिसेल. आता प्रायमर नाजूक जातीचा असेल, किंवा पूर्ण आत न बसता जरा वर राहिला असेल, तर चापाला बोटही न लावता गोळी सुटू शकते. पुंगळी नीट दाबली गेली नसेल तर बोल्ट पुरता बंद होण्याआधी सुटेल, आणि मग रायफल तुमच्या तोंडाजवळ फुटते. म्हणून प्रायमर जाड पत्र्याचा घ्यायचा, तो बुडाच्या पातळीच्या किंचित खाली बसला आहे हे प्रत्येक पुंगळीवर बोट फिरवून बघायचं, आणि पुंगळी पूर्ण लांबीच्या साच्यात दाबायची. तिचा खांदा तीनेक थाऊ मागे जायला हवा. कमी गेला तर बोल्ट अडतो, फार गेला तर पितळ दरवेळी ताणलं जाऊन बुडाजवळ पातळ होतं आणि एक दिवस तिथेच तुटतं. वाकवलेल्या पेपरक्लिपचं टोक आतून फिरवलं की ती चर नखाला जाणवते. कलाभवनच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी मायक्रोमीटर हातात धरलाय त्यांना हे वेड्यासारखं वाटणार नाही. थाऊ म्हटल्यावर इंचाचा हजारावा भाग हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

गॅसचं बोलायला हवं. नळीतला थोडा गॅस भोकातून मागे घेऊन हे यंत्र चालतं. जुन्या गॅरंड रायफलीत मंद जळणारी दारू किंवा फार जड गोळी वापरली, तर भोकापाशी दाब जास्त राहतो आणि ऑपरेटिंग रॉड वाकतो. माझी मावशी बेळगावला दिलेली. काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते, एसएलआर घेऊन नोकरी केलेले. त्या रायफलीला गॅस कमी-जास्त करायची फिरकी असायची. काका सांगायचे, आधी गॅस वाया जाऊ द्या, बंदूक अडेपर्यंत. मग एकेक खाच बंद करत या. नीट चालायला लागली की त्याच्या पुढे थोडं राखा, धुळीसाठी. बस्स. आज एआरला ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक मिळतो, त्यालाही हेच लागू आहे. पण पोरं उलटं करतात. आधी जोरकस काडतूस भरतात, मग ते सहन व्हावं म्हणून गॅस आवळतात, बफर जड घालतात. पुंगळ्या छान एका जागी पडायला लागल्या की "ट्यून झाली" म्हणतात. अरे, दाब आत आहे तेवढाच आहे! तू फक्त त्याची तक्रार बंद केलीस.

आणि हे सगळं कशासाठी? ६०० यार्डांवरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ बारा इंचांचं असतं, म्हणजे एक फूट. शंभर यार्डांना एक इंच धरणारी रायफल तिथे सहा इंच धरते. वाऱ्याला जागा सोडूनही ती पुरते. २०० वर तर दहाचं वर्तुळ सात इंच. माझे गुण जातात ते उभ्याने मारताना, आणि रेंजवरच्या बहुतेकांचे तिथेच जातात. त्याला दारूचा कोणताच आकडा उपाय नाही. रिकाम्या रायफलीवर घरी रोज वीस मिनिटं उभं राहून सराव करणं हा आहे, पण त्याचा फोटो टाकता येत नाही.

भाच्याला मी काय सांगितलं तेही लिहितो, कारण बाकीच्यांनाही तेच सांगणार आहे. छापील पुस्तक विकत घे. सिएरा, हॉर्नडी, लायमन, कोणतंही, पण नवी आवृत्ती. त्यातलं सुरुवातीचं माप घे, शेवटचं नाही. एका वेळी एकच काडतूस होणारं साधं यंत्र घे, म्हणजे प्रत्येक पुंगळी डोळ्यांखालून जाईल. भराभर भरणाऱ्या यंत्रावर एखादी बिनदारूची राहते, तिची गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी येते. २०० आणि ३०० साठी ७७ ग्रेनची गोळी, मॅगझिनमध्ये मावेल अशी, २.२६ इंचांत. ६०० साठी ८० ग्रेनची, ती लांब होते म्हणून एकेक हाताने घालायची. ज्या सगळ्यात कमी मापावर रायफल न अडता चालते आणि वर्तुळात मारते, तिथे थांबायचं. डब्याचा लॉट बदलला की पुन्हा खालून सुरू.

ताई अजून जरा नाराज आहे. भाचा जुलैत येतोय, स्वतःच्या पुंगळ्या आणि स्वतःचा तराजू घेऊन. माझ्या बाकावर बसून स्वतःचं माप तो स्वतः काढेल, मी शेजारी बसून फक्त बघणार. तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, जावई, पुतण्या ओहायोच्या आसपास असेल आणि या नादाला लागला असेल, तर त्यालाही पाठवा. जेवणाची सोय आहे, शेव-उसळ बडोद्याची असते. येताना त्याने उडवलेल्या दहा पुंगळ्या न धुता आणाव्यात.